दमलेल्या पोराला बाकावर बसवण्यात कमीपणा कसला?

फुटबॉलचा संघ लहान असला की थकव्याचा विचार करणं म्हणजे चैन, असं एक मत आमच्या भागात चांगलंच मुरलं आहे. लोणी काळभोर, कदमवाकवस्ती, थेऊर, उरुळी कांचन या सोलापूर रस्त्याच्या पट्ट्यात कॉलेजची पोरं रात्र रात्र लॅपटॉपवर ‘फुटबॉल मॅनेजर’ खेळत बसतात. त्यांच्या खोल्यांत हे मत ऐकू येतं. रविवारी सात-सात जणांच्या स्पर्धेला मैदानाच्या कडेला उभं राहिलं की तिथंही तेच, फक्त आवाज चढलेला: ‘दमला म्हणजे काय? अठरा वर्षांचं पोरगं आहे!’

या मताची बाजू आधी नीट मांडतो, म्हणजे माझ्यावर विपर्यासाचा आरोप नको. त्यांचं म्हणणं असं: आपल्याकडे खेळाडूच पंधरा-सोळा. त्यातले अकरा कामाचे, बाकीचे भरतीचे. जिंकायचं तर तेच अकरा रोज उतरवायला हवेत. खेळाडू आलटून पालटून खेळवणं हे मँचेस्टर सिटीसारख्यांना शोभतं, कारण त्यांच्या बाकावरही लाखमोलाची माणसं बसलेली असतात. गरिबाच्या संघाला ते परवडत नाही. शिवाय थकवा मनाचा असतो, जिद्द असली की पाय आपोआप पळतात. गेममध्ये दिसतो तो थकवा तर काय, कंपनीने खेळणाऱ्याला छळायला घातलेला अडथळा. इतकं सगळं सांगून झालं की शेवटी हुकमाचं पान पडतं, लेस्टर सिटी. तेच अकरा खेळले आणि प्रीमियर लीग जिंकले की नाही?

यातलं एकही विधान तपासणीला टिकत नाही. तरी ते वर्षानुवर्षं ठामपणे केलं जातं आणि त्याची किंमत पोरांचे गुडघे, घोटे आणि मांड्या मोजतात, म्हणून मला त्याचा राग येतो.

आधी त्या गेमविषयी, कारण थट्टा तिथून सुरू होते. कॉलियर या दोघा भावांनी 1992 मध्ये ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ बाजारात आणला. 2004 पासून तोच खेळ ‘फुटबॉल मॅनेजर’ या नावाने येतो. यात चेंडूला लाथ मारायची नसते. संघ निवडायचा, सराव ठरवायचा, डावपेच आखायचे, माणसं सांभाळायची. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे त्याच्या अंगात किती त्राण उरलं आहे ते दिसतं. पूर्वी टक्के दिसत, 2021 च्या आवृत्तीपासून रंग बदलणारं हृदयाचं चिन्ह दिसतं. सामन्याचा सराव किती आहे, म्हणजे मॅच शार्पनेस, ते वेगळं दाखवतात. या दोन्हींच्या खाली तिसरी गोष्ट असते, आठवड्यांमागून आठवडे साचत गेलेला शिणवटा. कालच्या सामन्याचा थकवा दोन-तीन दिवसांत भरून निघतो. साचलेला शिणवटा तसा निघत नाही, त्याला सुट्टीच द्यावी लागते. ज्याच्या हाडापेरात स्टॅमिना आणि नॅचरल फिटनेस कमी, तो लवकर रिकामा होतो आणि उशिरा भरतो.

यात छळ कुठे आला? गोल खोटा आहे म्हणून कोणी आनंद करायचा थांबत नाही. पडद्यावरची ट्रॉफी खोटी म्हणून कोणी तिचा फोटो काढून मित्रांना पाठवायचा राहत नाही. मग एकटा थकवाच तेवढा खोटा कसा? खऱ्या मैदानावर जे डोळ्यांना दिसत नाही ते या गेमने कोचच्या डोळ्यांसमोर मांडून ठेवलं आहे. ज्याला ते बघायचंच नाही त्याने निदान गेमला दोष देऊ नये.

एका खोलीत मी हे अगदी जवळून पाहिलं. इंग्लंडच्या खालच्या डिव्हिजनमधला क्लब, संघात सोळा माणसं. मंगळवारी सामना झालेला, शनिवारी पुढचा. डावा बचावपटू शेवटचे सगळे सामने नव्वद मिनिटं खेळलेला, नावापुढचं हृदय नारिंगी. खाली बाकावर एकोणीस वर्षांचा एक मुलगा, हृदय हिरवंगार, खेळ थोडा कच्चा. खेळणाऱ्याने नारिंगीवरून नजर फिरवली, ‘हा काढला तर डावी बाजू उघडी पडते’ म्हणाला आणि पुढे गेला. डावपेच तर असे की समोरच्याच्या पायात चेंडू गेला रे गेला की सगळ्यांनी धावून जायचं, प्रेसिंग शेवटच्या टोकाला नेऊन ठेवलेलं. सत्तराव्या मिनिटानंतर त्या बचावपटूच्या मांडीचा स्नायू गेला. सहा आठवडे बाहेर. खेळणारा म्हणाला, ‘नशीबच फुटकं.’

नशिबाचा इथे काय संबंध? त्या माणसाला दोन दिवस सरावातून मोकळं ठेवता आलं असतं. प्रेसिंग एक पायरी खाली आणता आलं असतं. साठाव्या मिनिटाला त्याला काढून कच्च्या मुलाला अर्धा तास देता आला असता. आघाडी मिळाल्यावर चेंडू आपल्याच पायांत फिरवत सगळ्या संघाला श्वास घेऊ देता आला असता. चारही कळा पडद्यावर होत्या. एकही दाबली गेली नाही, आणि आता सहा आठवडे तोच कच्चा मुलगा पूर्ण नव्वद मिनिटं खेळणार. ज्याच्यावर अर्ध्या तासाचाही विश्वास नव्हता, त्याच्यावर दीड महिन्याचा भार पडला.

‘परवडत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा कागदावर हिशेब मांडावा. सोळा जणांचा संघ, त्यात दोन गोलरक्षक. मैदानातल्या दहा जागांसाठी चौदा माणसं. आठवड्यात दोन सामने म्हणजे दहा जागांची मिळून 1800 मिनिटं. ती चौदा जणांत सारखी वाटली तर प्रत्येकाला सुमारे 129 मिनिटं येतात. ठरलेले दहा जणच खेळवले तर त्यांना 180 आणि उरलेल्या चौघांना शून्य. दोन महिने असंच चाललं तर ठरलेल्या दहांतला प्रत्येक जण वाटून खेळणाऱ्यापेक्षा साडेचार सामने जास्त धावलेला असतो. सगळ्यांना सारखा वाटा द्या असं मी म्हणत नाही. उत्तम खेळाडूला 150 द्या, कच्च्याला 90 द्या. पण चार माणसं धडधाकट बसलेली असताना वाटणीला जागाच नाही असं कसं म्हणता येईल? नियमही आता साथ देतात. 2020 मध्ये पाच बदली खेळाडूंची मुभा तात्पुरती आली, 2022 मध्ये ती नियमावलीत कायम झाली. तीन थांब्यांत पाच माणसं बदलता येतात. हा नियम वापरायची गरज कोणाला जास्त, ज्याच्या बाकावर गर्दी आहे त्याला, की ज्याचा प्रत्येक माणूस मोलाचा आहे त्याला?

‘पण तो तर छान पळत होता!’ हा पुढचा युक्तिवाद. दुखापत झाली की हमखास ऐकू येतो. पळत होता, मग दमलेला कसा? या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं आहे. ग्रेगरी द्युपाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातल्या एका वरच्या दर्जाच्या क्लबचे दोन हंगाम तपासून 2010 मध्ये निष्कर्ष छापले. आठवड्यात एक सामना खेळणारे आणि दोन खेळणारे यांच्या धावण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. एकूण अंतर तेवढंच, वेगाच्या धावाही तेवढ्याच. दुखापती मात्र हजार तासांमागे 4.1 वरून 25.6 वर गेल्या. म्हणजे सहापट. ज्या कोचचा सगळा भरवसा ‘मला डोळ्यांनी दिसतंय’ यावर आहे त्याने हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. पाय पळत राहतात आणि आतून दोर झिजत जातो. झीज दिसायला लागेपर्यंत थांबायचं ठरवलं तर ती फाटल्यावरच दिसणार.

आता लेस्टर. हे पान इतक्यांदा टाकलं गेलं आहे की ते उलटं करून बघायचं कोणाला सुचत नाही. 2015-16 च्या हंगामात क्लाउदिओ रानिएरी यांनी सुरुवातीच्या अकरात फार कमी बदल केले, हे खरं. पण त्यांना ते का जमलं? लेस्टर त्या वर्षी युरोपात खेळत नव्हतं. लीग कपमधून ऑक्टोबरमध्ये हल सिटीकडून पेनल्टींवर बाहेर. एफए कपमधून जानेवारीत टॉटनहॅमकडून बाहेर. अडतीस लीग सामने आणि वर जेमतेम पाच, एवढाच त्यांचा हंगाम. रानिएरी आठवड्यात दोन दिवस पूर्ण सुट्टी देत. 14 फेब्रुवारी 2016 रोजी आर्सेनलने शेवटच्या क्षणी 2-1 हरवलं, विजेतेपद हातचं जातं की काय अशी वेळ आली, आणि त्या माणसाने पोरांना आठवडाभर सुट्टी दिली. आमच्याकडचा कोच असता तर दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या. सुट्टीनंतरचा सामना नॉर्विचशी. शेवटची मिनिटं आली तरी गोल नाही, आणि 89 व्या मिनिटाला उयोआने गोल केला. उयोआ त्या दिवशी बाकावरून आलेला होता.

याला ‘तेच अकरा दामटले’ म्हणतात का? लेस्टरने थकवा सांभाळला, तोही वेळापत्रकाच्या बाजूने. पुढच्याच वर्षी चॅम्पियन्स लीगचे सामने मध्ये आले. एन्गोलो कान्ते चेल्सीला गेला होता हेही घसरणीचं मोठं कारण, ते मान्य. पण आठवड्यातली ती मोकळीक संपली आणि फेब्रुवारी 2017 मध्ये संघ खालच्या डिव्हिजनमध्ये जाण्याच्या काठावर उभा असताना रानिएरींना घरी पाठवण्यात आलं. लेस्टरचं उदाहरण द्यायचं तर दोन्ही हंगाम द्यावेत.

त्याहून बोलकी गोष्ट 1980-81 ची आहे. अ‍ॅस्टन व्हिलाने बेचाळीस लीग सामन्यांत फक्त चौदा खेळाडू वापरून विजेतेपद घेतलं. ‘बघा, चौदा!’ असं कोणी म्हणायच्या आत त्याच हंगामातल्या इप्सविचकडे पाहू. बॉबी रॉबसन यांचा हा संघही लहानच, आणि खेळाने व्हिलाला वरचढ. त्या वर्षी दोघांची तीनदा गाठ पडली, तिन्ही वेळा इप्सविच जिंकलं. पण व्हिला दोन्ही कपांतून लवकर बाहेर पडलं होतं आणि त्यांचे एकूण सामने पन्नासच्या आत राहिले. इप्सविचने एफए कपची उपांत्य फेरी गाठली, यूएफा कप जिंकला आणि एका हंगामात 66 सामने खेळले. लीगच्या शेवटच्या टप्प्यात हातातला पहिला क्रमांक गेला. समोरासमोर तीनदा हरवलेल्या संघामागे दुसरं राहावं लागलं, ते कशामुळे? जिद्द कमी पडली म्हणून? युरोपचा करंडक उचलणाऱ्यांना जिद्द नव्हती म्हणायची कोणाची हिंमत आहे?

जिद्दीचा मुद्दा आला की बर्ट ट्राउटमन यांचंही नाव निघतं. 1956 च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीचा हा गोलरक्षक मानेचं हाड मोडलेलं असताना शेवटपर्यंत उभा राहिला. त्याच्या धैर्यापुढे मी मान झुकवतो. पण तो उभा राहिला कारण त्या काळी इंग्लंडमध्ये बदली खेळाडूच चालत नव्हता. लीगमध्ये ती सोय 1965 मध्ये आली. तो बाहेर गेला असता तर संघ दहा जणांचा झाला असता आणि गोलात कोणी भलताच उभा राहिला असता. ज्याला पर्यायच नव्हता त्याची गोष्ट सांगून बाकावर पर्याय बसलेला असताना पोराला मैदानात रेटायचं, हा त्या माणसाच्या धैर्याचा गैरवापर आहे.

आणि हा गैरवापर मी आमच्याच मैदानावर पाहतो. सात-सात जणांची स्पर्धा, संघात नऊ पोरं. सकाळी आठला पहिला सामना, उन्हं उतरायच्या आत अंतिम फेरी. चांगला संघ असेल तर एका दिवसात चार सामने, तेही एप्रिल-मेच्या उन्हात. तिसऱ्या सामन्यात एका पोराच्या पोटरीत गोळा आला. तो खाली बसला, दोघांनी पाय धरून ताणला, कोणीतरी स्प्रे मारला, कोणीतरी गार पाणी ओतलं. पोटरीचा स्नायू कातडीखाली उडताना दिसत होता. बाजूला दोन पोरं बुटांच्या नाड्या बांधून, जर्सी घालून सकाळपासून बसलेली. त्यांना आत बोलावलं का? नाही. पाय ताणलेला पोरगाच उठून लंगडत आत गेला, आणि कडेला उभ्या असलेल्या मोठ्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्याच सगळ्यात वाईट. त्या पोराला शिकवतात की दुखतंय म्हणणं कमीपणाचं, आणि बसलेल्या दोघांना शिकवतात की तुमची गरज नाही. पुढच्या वर्षी ते दोघे येत नाहीत. मग हेच लोक म्हणतात, आपल्याकडे पोरंच मिळत नाहीत!

‘मग खेळाडू वाढवा’ हा सल्लाही फुकाचा आहे. गेममध्ये खालच्या डिव्हिजनच्या क्लबकडे पैसे नसतात. गावच्या संघाकडे तर बुटांचेही नसतात. आणि समजा वाढवले, तरी ज्याला सोळातले पाच वापरता येत नाहीत तो पंचविसातले चौदा बसवून ठेवणार. गेममध्ये अशी न खेळवलेली माणसं कुरबुर करतात, क्लब सोडायला मागतात. खऱ्या मैदानावर ती नुसतीच गप्प होतात. उपाय आहे तो एकाच माणसाला दोन जागा शिकवण्यात. डावा बचावपटू गरजेला मधल्या फळीत उभा राहू शकला की चौदा माणसं सतरा-अठरांची कामं करतात. उपाय आहे अठरा वर्षांखालच्या पोराला सोप्या सामन्यात शेवटची वीस मिनिटं देण्यात. ‘विश्रांतीने माणूस गंजतो’ म्हणतात, त्याचं उत्तरही हेच. शार्पनेस टिकवायला वीस मिनिटं पुरतात, त्यासाठी रोज नव्वद लागत नाहीत.

वेळापत्रक आपल्या हातात नसतं, ही तक्रार मात्र मला समजते. पुण्याने ती मोठ्या प्रमाणावर अनुभवली आहे. 2014 ची पहिली इंडियन सुपर लीग 12 ऑक्टोबरला सुरू होऊन 20 डिसेंबरला संपली. आठ संघ, प्रत्येकाचे चौदा साखळी सामने, गुवाहाटीपासून कोचीपर्यंत विमानाच्या फेऱ्या. बालेवाडीच्या आपल्या एफसी पुणे सिटीत तेव्हा दाविद त्रेझेगे होता, 1998 चा विश्वविजेता, वय 37. असा माणूस दर चार-पाच दिवसांनी नव्वद मिनिटं पळवायचा का? तारखा लीग ठरवते, ऊन निसर्ग ठरवतो. पण कोणाला कधी बसवायचं हे कोच ठरवतो, आणि जे त्याच्या हातात आहे तेच तो सोडून देत असेल तर वेळापत्रकाकडे बोट दाखवून सुटका नाही.

दरवर्षी तुकोबांची पालखी पुण्यात दोन मुक्काम करून आमच्या लोणी काळभोरला येते. सत्तरीतल्या बाया डोक्यावर तुळस घेऊन पंढरीपर्यंत पोचतात. त्यांच्या भक्तीविषयी मला शंका नाही. पण कोणत्या दिवशी किती चालायचं, दुपारी कुठे टेकायचं, रात्री कुठे थांबायचं हे पिढ्यांपिढ्या आखलेलं आहे, म्हणून ती भक्ती पंढरपूरला पोचते. विसावा घेतला म्हणून कोणत्या वारकऱ्याची श्रद्धा कमी ठरली? जो गाव हे दरसाल उंबऱ्यातून पाहतो, त्या गावच्या मैदानावर विश्रांतीला भ्याडपणा म्हणावं, हे मला सहन होत नाही.

म्हणून आमच्या भागातल्या स्पर्धा भरवणाऱ्यांकडे माझी मागणी आहे. एका संघाचे एका दिवशी दोनपेक्षा जास्त सामने नकोत. दोन सामन्यांत निदान दोन तासांचं अंतर हवं. बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करायची मुभा हवी. पोटरीत गोळा आलेला पोरगा त्या सामन्यात परत आत जाणार नाही, हे पंचाने ठरवावं, कोचने नाही. प्रत्येक कोचने वहीत मिनिटं लिहावीत, कोण किती खेळला ते. लॅपटॉपवर खेळणाऱ्यांना तर वहीही लागत नाही, गेम सगळं लिहूनच देतो. त्यांनी नारिंगी हृदयावरून नजर फिरवणं तेवढं थांबवावं. यांतलेच काहीजण रविवारी मैदानाच्या कडेला कोच म्हणून उभे असतात, आणि तिथे कोणाच्या डोक्यावर हृदयाचं चिन्ह उमटत नाही.

जो म्हणेल की माझ्याकडे नऊच पोरं आहेत, मला हे जमायचं नाही, त्याला माझं सांगणं आहे की नऊच आहेत म्हणून तुला हे जमवावंच लागेल. पंचवीस असलेल्याचा एक लंगडला तर चोवीस उरतात, त्याला चूक पचते. तुझा एक गेला की बाकावर एकच उरतो, दुसरा गेला की बाक रिकामा होतो, आणि तिसरा गेला की अंतिम सामन्यात सहा जणांना सातांशी खेळायला उतरवावं लागतं.